अंगावर काढायचं तरी किती?



हे लिहावं की नाही यात चार दिवस गेले. लोकलची गर्दी, पाणी, खड्डे, रिक्षाचं भाडं यावर मी इथे बिनधास्त लिहिते आणि तुम्हीही हक्काने भांडता. आजचा विषय तितकाच सार्वजनिक आहे, पण आपण तो मोरीच्या दाराआड ठेवलाय. विषय आहे बायकांच्या योनीमुखाला होणारी खाज, आग आणि सूज.

'हे काय फेसबुकवर लिहायचं असतं का?' असं ज्यांना वाटलं, त्यांनी तर पुढे वाचाच. घरात आई, बायको, बहीण, मुलगी असेलच. आणि 'येताना मेडिकलमधून खाजेची एक ट्यूब आणा' हे काम बहुतेक घरांत पुरुषांच्याच गळ्यात पडतं.

आमचा सकाळचा ग्रुप आहे, लेडीज सेकंडचा. कोपरला फास्ट थांबत नाही आणि स्लो येते ती भरून, म्हणून आम्ही काहीजणी आधी उलट्या डोंबिवलीला जातो आणि तिथून गाडी पकडतो. आमच्यातली एक गेल्या वर्षी जागा मिळाली तरी बसायची नाही. 'तू बस गं, माझी पाठ धरते,' म्हणायची. आम्ही तिला पाठीचे व्यायाम सुचवत होतो. जुलैमध्ये एकदा सगळ्या चिंब भिजून डब्यात शिरलो, तेव्हा रडकुंडीला येऊन माझ्या कानात म्हणाली, 'पाठ नाही गं. खाली सुजलंय. बसवत नाही.'

(तिची परवानगी घेऊन लिहितेय. ओळख पटेल असं काही लिहीत नाही, तुम्हीही अंदाज बांधू नका.)

नऊ महिने ती हे अंगावर काढत होती. आधी नुसती खाज होती. आपण स्वच्छ राहत नाही म्हणून होतंय, असं वाटून तिने दिवसातून दोनदा साबण सुरू केला. मग जाहिरातीतला सुगंधी वॉश. मग बादलीत जंतुनाशकाचं झाकण. आग वाढली तशी मेडिकलमधून ट्यूब आणली. तीन दिवसांत आराम. पंधरा दिवसांनी दुप्पट खाज. पुन्हा ट्यूब, मग 'याहून स्ट्राँग' ट्यूब. शेवटी आम्ही दोघी डॉक्टर मॅडमकडे गेलो. बुरशीचा संसर्ग होता, ट्यूबमधल्या स्टिरॉइडने त्वचा पातळ होऊन सोलवटली होती, आणि रक्तातली साखर वाढलेली निघाली. तिला मधुमेह आहे हे तिला त्या दिवशी कळलं.

हे सगळं पहिल्याच महिन्यात कळू शकलं असतं. का कळलं नाही, त्यावर ही पोस्ट आहे.

पहिली अडचण शब्दाचीच. आपण सगळ्यालाच 'खाली' म्हणतो. खाली त्रास आहे, खाली दुखतंय. आता लघवीची जागा वेगळी, बाळ येतं तो योनीमार्ग वेगळा आणि बाहेरून दिसणारा, त्वचेच्या पाळ्यांचा सगळा भाग म्हणजे योनीमुख वेगळं. तिन्हींची दुखणी वेगळी, औषधंही वेगळी. नुसतं 'खाली जळजळ होते' म्हटलं की समोरचा माणूस लघवीची तपासणी लिहून देतो. ती नॉर्मल आली की आपण गप्प. म्हणून शब्द शिकू या. योनीमुखाला खाज आहे, सूज आहे, आतून पांढरं जातंय, हे डॉक्टरला स्पष्ट सांगता आलं पाहिजे.

दुसरी अडचण, हा त्रास म्हणजे अस्वच्छतेची शिक्षा हा समज. खरं बऱ्याचदा उलटं असतं. योनीमुखाची त्वचा हातापायाच्या त्वचेपेक्षा नाजूक. साबण, सुगंधी वॉश, जंतुनाशक, ओले वाइप्स, केस काढायची क्रीम, वस्तरा, कपड्यांत राहिलेली पावडर, सुगंधी पॅड, यातलं काहीही तिला झोंबू शकतं. आणि योनीमार्ग आतून स्वतःची सफाई स्वतः करतो. तिथे राहणारे उपयोगी जीवाणू आम्लता टिकवतात, त्यामुळे बाकीचे जंतू वाढत नाहीत. आपण आत साबण किंवा पिचकारी मारली की हा पहारा आपणच उठवतो. थोडं पांढरं जाणं हेही नॉर्मल आहे, पाळीच्या चक्राप्रमाणे ते कमीजास्त होतं. वास, रंग, प्रमाण बदललं किंवा खाज आली तर ते दुखणं.

मग दुखणी कुठली? सगळ्यात ओळखीची बुरशी, म्हणजे कॅन्डिडा. चारातल्या तिघींना आयुष्यात एकदा तरी होते. दह्याच्या चोथ्यासारखं पांढरं जाणं, प्रचंड खाज, लाली, सूज. अँटिबायोटिकच्या कोर्सनंतर, गरोदरपणात आणि मधुमेहात ती जास्त होते. वर्षातून तीन-चारदा होत असेल तर साखर तपासलीच पाहिजे. राखाडी पातळ स्राव आणि माशासारखा वास असेल तर जीवाणूंचं संतुलन बिघडलेलं असतं, तिथे बुरशीचं औषध कामाचं नाही. पिवळा-हिरवा, फेसाळ स्राव ट्रायकोमोनासचा असू शकतो. तो शरीरसंबंधातून पसरतो, म्हणून नवऱ्यालाही औषध घ्यावं लागतं. एकटीनेच घेतलं तर पुन्हा लागण होते. बारीक फोड येऊन फुटले आणि खूप दुखलं तर नागिणीच्या जातीचा हर्पिस असू शकतो. एकाच बाजूला, योनीच्या तोंडाशी दुखरी गाठ आली तर ती बार्थोलिन ग्रंथी तुंबल्याची असते, पू झाला तर डॉक्टरांकडून निचरा करून घ्यावा लागतो. घरी दाबायची नाही.

आणि पाळी गेलेल्या आपल्या आया, सासवा. इस्ट्रोजेन कमी झालं की तिथली त्वचा पातळ आणि कोरडी पडते, आग होते. 'आता या वयात कुठे दाखवू' म्हणून त्या कोणालाच सांगत नाहीत. लायकेन स्क्लेरोसस नावाचा एक त्वचेचा आजार याच वयात जास्त दिसतो. पांढरे चट्टे, रात्री झोप उडवणारी खाज. वर्षानुवर्षं दुर्लक्ष केलं तर काही थोड्या जणींत पुढे कर्करोगाचा धोका असतो. वेळेवर औषध मिळालं तर तो आटोक्यात राहतो. तेव्हा घरातल्या आज्जी 'खाज सुटते गं' म्हणाल्या तर पावडरचा डबा पुढे करू नका.

लहान मुलींनाही होतं. बहुतेक वेळा साबण, ओली चड्डी किंवा रात्री त्रास देणारे जंत हे कारण असतं. पण मुलीला सूज, जखम किंवा रक्त दिसलं तर लगेच डॉक्टर, आणि तिच्याशी शांतपणे, विश्वासाने बोलणं. तिला ओरडून काही कळणार नाही.

आता थोडं कोपरच्या बाहेर जाऊ, कारण यातलं आपल्या राज्यातलं मोठं काम गडचिरोलीत झालंय. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी तिथल्या दोन गावांतल्या 650 बायकांची तपासणी केली. 1989 साली ते संशोधन 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. 92 टक्के बायकांना स्त्रीरोगाचा एक ना एक आजार निघाला, पाळीच्या त्रासापासून योनीमार्गाच्या संसर्गापर्यंत. सरासरी एकीला तीनहून जास्त. आणि त्याआधी कधीतरी अशी तपासणी झालेल्या बायका किती? फक्त 8 टक्के. तोवर बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंब नियोजन एवढंच सरकारदरबारी मोजलं जायचं.

तेव्हा आपण म्हणू शकत होतो की गाव दुर्गम आहे, डॉक्टर नाही. कोपरमध्ये हे म्हणता येत नाही. डोंबिवलीत शोधायला गेलं तर गल्लोगल्ली स्त्रीरोगतज्ज्ञांच्या पाट्या आहेत. तरी माझी मैत्रीण नऊ महिने मेडिकलच्या काउंटरवर होती. म्हणजे दुर्गम काय आहे? अंतर तर नाहीच. लाज आहे, वेळ नसणं आहे, पैशाचा हिशोब आहे, आणि 'डॉक्टर काय विचारतील' ही भीती आहे.

आपल्या रोजच्या जगण्याचाही वाटा आहे. कोपरहून सीएसएमटी गाठायला तासाहून जास्त वेळ. लोकलमध्ये शौचालय नसतं. म्हणून आपण पाणी पीत नाही. सकाळी सातला घातलेलं पॅड ऑफिसला पोचून, मीटिंग संपवून बदलतो. पावसाळ्यात भिजलेली जीन्स किंवा लेगिंग अंगावरच सुकते. घरी दोरीवरचे कपडे अर्धे ओले, तेच इस्त्री फिरवून घालतो. घाम, ओल, घर्षण आणि न बदललेलं पॅड, त्वचा सोलवटायला आणखी काय लागतं?

एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण यात गोंधळ होतो. लघवी दाबून ठेवल्याने योनीमुखाला थेट खाज सुटत नाही. पण मूत्रमार्गाचा संसर्ग होण्याची शक्यता वाढते, आणि पाणी न प्यायल्याने घट्ट झालेली लघवी आधीच सोललेल्या त्वचेवर झोंबते. दुसरं, बुरशी किंवा ट्रायकोमोनास शौचालयाच्या सीटवरून लागायची शक्यता फारच कमी. सार्वजनिक शौचालयाच्या भीतीने दहा तास न जाणं हे तिथे जाण्यापेक्षा वाईट.

अर्थात जायला जागा असली पाहिजे. मुंबईत 'राईट टू पी' ही चळवळ 2011 मध्ये सुरू झाली, तेव्हा लोक हसले होते. पुण्यात 'मिळून साऱ्याजणी'ने पुणे महापालिकेविरुद्ध जनहित याचिका केली, आणि डिसेंबर 2015 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बायकांसाठी स्वच्छ, सुरक्षित स्वच्छतागृहांची सोय करण्याबद्दल राज्यातल्या महापालिकांना आदेश दिले. म्हणजे ही आपली हौस नाही, न्यायालयाने मान्य केलेली गरज आहे.

आता त्या ट्यूबबद्दल. मला सगळ्यात जास्त राग याचा आहे. मेडिकलमध्ये 'खाजेवर द्या' म्हटलं की जी क्रीम हातात पडते, तिच्यात बऱ्याचदा तीन औषधं एकत्र असतात, बुरशीचं, जीवाणूंचं आणि एक स्टिरॉइड. स्टिरॉइडने लाली आणि खाज दोन दिवसांत दबते, म्हणून ती ट्यूब 'गुणकारी' वाटते. पण आत बुरशी वाढतच राहते, त्वचा पातळ होत जाते, आणि ट्यूब बंद केली की त्रास उसळून येतो. 2018 मध्ये केंद्र सरकारने स्टिरॉइडच्या अनेक क्रीम शेड्यूल एचमध्ये टाकल्या, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायच्या नाहीत. तुमच्या घरातली ट्यूब आत्ता उचला. क्लोबेटासॉल, बेटामेथासोन किंवा मोमेटासोन लिहिलंय का बघा. लिहिलं असेल आणि चिठ्ठी नसेल, तर ती तिथे लावायची नाही. स्टिरॉइड हे विष नाही. लायकेन स्क्लेरोससला तेच औषध आहे. फक्त कुठे, कुठलं, किती दिवस, हे तपासून ठरवायचं असतं, काउंटरवरून नाही.

मग घरी काय करायचं?

आधी सगळं बंद करा. साबण, वॉश, जंतुनाशक, पावडर, वाइप्स. तुरटीचं पाणी, लिंबू, दही, लसूण हेही नको. दिवसातून एकदा साध्या पाण्याने, फक्त बाहेरून धुवा आणि मऊ कापडाने टिपून कोरडं करा, घासू नका. शौचानंतर पुढून मागे धुवा, मागून पुढे नाही. चड्डी सुती आणि सैल, रात्री न घालताही चालतं. पिशवीत एक सुकी चड्डी ठेवा, पावसाळ्यात तर नक्कीच. पॅड साधं, बिनसुगंधी, चार ते सहा तासांनी बदला. कापड वापरत असाल तर धुऊन उन्हात खडखडीत वाळवा, लाजेपायी दुसऱ्या कपड्याखाली लपवून नाही.

सूज आणि आग असेल तर थंड पाण्यात बुडवून पिळलेला सुती कपडा पाच-दहा मिनिटं ठेवा. बर्फ थेट लावू नका. कोमट पाण्याच्या टबात दहा-पंधरा मिनिटं बसूनही आराम पडतो, त्यात काही घालायचं नाही. त्वचा सोलवटली असेल तर साध्या पेट्रोलियम जेलीचा पातळ थर लावला की लघवी झोंबत नाही (फक्त लेटेक्सचा कंडोम तेलकट मलमाने कमकुवत होतो, हे लक्षात ठेवा). नखं कापा, रात्री झोपेत खाजवलं जातं. बरं होईपर्यंत शरीरसंबंध टाळा, आणि हे नवऱ्याला सांगायला घाबरू नका. नवरेमंडळी, 'नको' म्हटल्यावर कारण विचारण्याआधी जरा चेहऱ्याकडे बघा.

दोन-तीन दिवसांत फरक पडला नाही तर डॉक्टरकडे जा. आणि पुढचं काही असेल तर वाटच बघायची नाही: ताप, ओटीपोटात दुखणं, फोड किंवा जखम, पू, झपाट्याने वाढणारी सूज, लघवी अडणं, गरोदरपण, मधुमेह, पाळी गेल्यानंतरची खाज किंवा रक्त, आणि काही आठवडे न भरणारी जखम किंवा पांढरा चट्टा. सुजेसोबत ओठ, चेहरा सुजून श्वास लागला तर ती ॲलर्जी आहे, थेट इमर्जन्सी गाठा.

तरुण मुलींसाठी मुद्दाम सांगते. लग्न झालेलं नसलं तरी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाता येतं. बऱ्याचदा नुसतं बाहेरून पाहून आणि स्रावाचा नमुना घेऊन निदान होतं. तपासताना सोबत बाई असावी असं सांगायचा तुम्हाला हक्क आहे. सरकारी रुग्णालयांत 'सुरक्षा क्लिनिक' असतं, तिथे लैंगिक संसर्गाची तपासणी आणि औषधं मोफत मिळतात. खाज असलेल्या प्रत्येकीला असा संसर्ग असतो असं नाही, आणि असला तरी तो तिच्या चारित्र्याचा दाखला नाही.

हे झालं घरातलं. पण पोस्ट इथेच संपवली तर सगळं पुन्हा बाईच्याच डोक्यावर टाकल्यासारखं होईल. तिने पाणी प्यावं, तिने चड्डी बदलावी, तिने वेळ काढावा. कुठे आणि कधी?

म्हणून चार मागण्या. एक, रेल्वे आणि महापालिका दोघांकडे: बायकांच्या प्रत्येक स्वच्छतागृहात पाणी, आतून लागणारी कडी, पॅड टाकायला झाकणाचा डबा आणि पिशवी अडकवायला एक खुंटी. हसू नका. खांद्यावर पर्स, हातात डबा आणि खाली ओली फरशी असताना पॅड बदलून दाखवा, मग खुंटीची किंमत कळेल. दोन, आपल्या महापालिकेची शास्त्रीनगर आणि रुक्मिणीबाई ही रुग्णालयं आहेत, आरोग्य केंद्रं आहेत. सरकारी ओपीडीची वेळ साधारण सकाळची, आणि तेव्हा आम्ही गाडीत असतो. आठवड्यातून एक संध्याकाळ किंवा रविवारची सकाळ महिला डॉक्टरांची ओपीडी ठेवा. तीन, मेडिकलवाल्या दादांनो, तुम्ही आमचे शेजारी आहात, अडीअडचणीला रात्री शटर उघडता. स्टिरॉइडची ट्यूब चिठ्ठीशिवाय देऊ नका, 'ताई, एकदा दाखवून घ्या' एवढं म्हणा. चार, शाळांमध्ये पाळीवर तास होतो तेव्हा योनीमुख हा शब्दही उच्चारा. पोरींना आपल्या अवयवाचं नाव माहीत असू द्या.

'हे जाहीर बोलणं आपल्या संस्कृतीत बसत नाही' असं म्हणणारे येतीलच. त्यांना एवढंच सांगते की र. धों. कर्व्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक 1927 साली मराठीतच सुरू केलं होतं. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले, आणि 1934 मध्ये त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोर्टात उभे राहिले. शरीराबद्दल मराठीत सरळ बोलणं ही आपलीच परंपरा आहे. आपणच ती विसरलोय.

मैत्रीण आता बरी आहे. साखर आटोक्यात आहे, पथ्य चालू आहे. ट्यूब बंद केल्यावरचे पहिले तीन आठवडे फार वाईट गेले, ते लपवत नाही. तिला मी विचारलं, एवढे महिने का नाही बोललीस? म्हणाली, 'कोणाला सांगू? तुम्ही सगळ्या पाठीचे व्यायाम सांगत होतात.'

ते माझ्या फार मनाला लागलं.

वरच्या चार मागण्यांचं निवेदन तयार केलंय, सह्या हव्यात. बायकांच्याही आणि पुरुषांच्याही. इनबॉक्समध्ये कळवा, मी कागद घेऊन येते. कमेंटमध्ये स्वतःचा त्रास लिहायची गरज नाही. पण आज घरी गेल्यावर आईला, सासूला, मुलीला एकदा विचारा, 'तुला काही त्रास तर नाही ना गं?' आणि ती 'नाही' म्हणाली तर लगेच विषय बदलू नका. जरा थांबा.